दोघांचं दळण

परवा पहाटे खिडकी लावायला उठले, तर वारा डोंगराकडून येत होता. म्हणजे मतलई सुटली. दिवाळी सरते, भात कापून होतं, आणि अशाच एका पहाटे हा वारा सह्याद्रीवरून खाली उतरतो व समुद्राकडे चालू लागतो. कणकवली त्याच्या वाटेवर आहे. महामार्ग ओलांडून, रेल्वेचे रूळ ओलांडून तो पुढे जातो आणि उजाडायच्या आत माझ्या माहेरी, तोंडवलीला, माडांच्या झावळ्यांत पोचतो. तिथे त्याच्यामुळे समुद्र सपाट होतो, लाटांचा आवाज इतका खाली येतो की घरातलं बारीकसारीक सगळं ऐकू यायला लागतं. मी खिडकी उघडीच ठेवली आणि पुन्हा पांघरुणात शिरले.

या वाऱ्याबरोबर मला दर वर्षी ताज्या दळलेल्या गव्हाचा वास येतो. खरा नसतो तो. आजूबाजूला कुणी गहू दळत नसतं. पण वाळलेल्या पेंढ्यासारखा, किंचित दुधासारखा, कोमट असा तो वास माझ्या नाकात कुठेतरी राहून गेला आहे आणि वारा फिरला की जागा होतो. गंमत म्हणजे आम्ही भाताच्या मुलखातली माणसं. आमच्याकडे गहू हा पाहुणा. पोळ्या सणावारी, नाहीतर मुंबईचं कुणी आलं तर. तरीही माझ्या आयुष्यातल्या एका अख्ख्या हिवाळ्याला गव्हाचाच वास आहे.

सई माझ्या पोटात होती तो हिवाळा. पाचवा महिना सरता सरताच मी माहेरी आले होते, कारण काहीही पोटात ठरत नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं की उलट्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. कणकवलीच्या डॉक्टरबाई तपासून झाल्यावर म्हणाल्या, "बाळाचं वजन वाढत नाहीये. जे रुचेल ते खा, पण खा." मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, मला गाडीत बसवून तोंडवलीला आणून सोडलं. आईच्या हातचं तरी जाईल, असं त्याला वाटलं होतं. मलाही.

आईने काही करायचं बाकी ठेवलं नाही. उकड्या तांदळाची पेज, घावणे, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. तिचं ताट समोर आलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि घास गिळला की पाचव्या मिनिटाला मी मागच्या दारी असायचे. आई पाठीवरून हात फिरवत उभी राहायची. आत जाऊन ताट उचलायची.  लेकीला पोटभर जेवू घालणं हे तिचं माहेरपणाचं मुख्य काम होतं आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

त्याच वर्षी बाबा कायमचे घरी आले होते. ते बोटीवर बेकर होते. पोरसवदा वयात भांडी घासायला म्हणून चढले आणि केस पांढरे झाल्यावर पाव भाजत भाजत उतरले. माझ्या लहानपणी ते वर्षाकाठी थोडे दिवस यायचे. साबणाचा वेगळाच वास, चॉकलेटं, आणि शेजारपाजाऱ्यांना सांगायच्या बंदरांच्या गजाली. ते आले की आई नवं लुगडं नेसायची आणि त्यांना पाटावर बसवून वाढायची. ते गेले की दोन दिवस घर रिकामं वाटायचं, मग पुन्हा आमचं आमचं चालू. असं करत त्यांचा सगळा संसार झाला. आता ते घरी होते आणि घरात त्यांना जागाच नव्हती. बोटीवरच्या सवयीने पहाटे कोंबड्याच्याही आधी उठायचे आणि मग अंगणात येरझाऱ्या घालायचे. कपड्यांच्या घड्या घालून ठेवायचे, त्या आई पुन्हा मोडून आपल्या पद्धतीने घालायची. चुलीपाशी गेले की ती म्हणायची, "तुमी भायर बसा. चाय हाडून देतंय." ते बाहेर बसायचे. एकमेकांशी ते इतक्या अदबीने वागायचे की बघणाऱ्याला वाईट वाटावं.

गोव्यातल्या कुणा ओळखीच्या हॉटेलवाल्याला त्यांनी शब्द दिला होता, हे मला नंतर कळलं. बायचं, म्हणजे माझं, बाळंतपण होऊ दे, मग येतो पाव करायला. आईला ते आधीच कळलं होतं. तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एका दुपारी मी ओटीवर पडले होते. ऊन आणि झोप यांच्या मधल्या त्या दिवसांत मी जागी किती असायचे, मलाच ठाऊक नाही. सुरूच्या झाडांतून वारा गेला, आणि माझ्या मनात एकदम पावाचा विचार आला. सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याचा नको होता, त्याच्या वासानेही मळमळायचं. मी डोळे न उघडताच म्हणाले, "बाबा, तुमी बोटीर करत होतात, तसो पाव माका करून देशात?"

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून पिठाची पिशवी घेऊन आले. बाजारचं यीस्ट त्यांनी आणलं नाही. तुला आधीच काही ठरत नाही, म्हणाले, आपण नुसत्या पिठाचं आणि पाण्याचं खमीर करू. एका बरणीत त्यांनी ते कालवून ठेवलं, रोज त्यात मूठभर पीठ घातलं, रोज हुंगून पाहिलं. ते तसंच निपचित पडून राहिलं. "ह्या पिठात जीव नाय," बाबा म्हणाले. "कधी दळलां तां देवाक म्हायत." मग आठवडा बाजारात घाटावरचे लोक बसतात त्यांच्याकडून चांगले गहू आणले आणि गावातल्या गिरणीत नेले. पीठ आलं ते हाताला चटका बसेल इतकं गरम, आणि त्याला आधी दळलेल्या मिरचीचा ठसका. मला दारातूनच शिंका आल्या.

तेव्हा त्यांना पडवीतलं जातं दिसलं.

ते जातं आईचं. कुळीथ दळायला ती ते वर्षातून दोन-तीनदा काढायची, एरवी त्याच्यावर पोतं घातलेलं असायचं. बाबांनी पोतं काढलं, फुंकर मारली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मांडी घालून बसले. मी माजघरात झोपलेली. मधे एक दार, तेही नीट न लागणारं. मतलई सुटलेली, समुद्र गप्प, आणि त्या शांततेत जात्याचा आवाज यायला लागला. घर्र, मग थांबे. पुन्हा घर्रर्र, मग खटकन अडके. ज्याला जातं ठाऊक नाही त्यालाही कळावं की काहीतरी चुकतं आहे. तासभर हे चाललं. निघालं ते पीठ कसलं, भरड होती, आणि तिला कुळथाचा वास.

त्या भरडीचंही खमीर त्यांनी नेटाने कालवलं. न्हाणीच्या चुलीपाशी, हंडा तापतो तिथे उबेला बरणी ठेवली. आणि तिसऱ्या दिवशी त्यात बुडबुडे आले. बाबांनी मला उठवून दाखवलं. म्हातारा माणूस, हातात बरणी, आणि चेहरा असा की जणू त्यांनीच बाळाची चाहूल ऐकली होती.

आईने लांबूनच पाहिलं. पण पुढच्या पहाटे बाबांनी पुन्हा जातं धरलं, पुन्हा घर्र, खट, घर्र, तेव्हा तिला ते सहन होईना. प्रेमाने ती आली असं मी म्हणणार नाही. तो आवाज तिच्या कानांना बोचत होता. पडवीत पावलं वाजली आणि तिचा आवाज आला, "सरा. वायच तिकडे सरा."

"मी करतंय मां."

"कुळथाचां जातां तां. आदी मूठभर तांदूळ दळून काढूचे होते. आणि ओंजळभर गहू काय ओततास? चिमटीचिमटीन घाला."

मग काही वेळ नुसती हालचाल. तांदूळ दळले, पीठ झाडून फेकलं, कोंबड्या धावल्या. आणि मग जात्याचा आवाज सुरू झाला तो वेगळाच. सलग, खालच्या पट्टीत, मधे कुठेही न तुटणारा. दार किलकिलं होतं. मी मान वळवून पाहिलं, तर दोघं समोरासमोर बसलेली, मधे जातं, आणि खुंट्यावर दोघांचे हात. आईचा वर, बाबांचा खाली. आई दुसऱ्या हाताने गहू सोडत होती. दोघंही जात्याकडे बघत होती, एकमेकांकडे नाही. मी पुन्हा डोळे मिटले. तो आवाज अंगातून पोटापर्यंत जात होता, आणि पोटात पहिल्यांदाच मला ठळक अशी हालचाल जाणवली. स्वप्नात की जागेपणी, ते अजून सांगता येणार नाही.

भट्टी नव्हती. बाबांनी जाड बुडाच्या टोपात मळलेलं पीठ ठेवून चुलीवर चढवलं. पहिला पाव खालून कोळसा आणि वरून कच्चा. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. सगळा जन्म बटण फिरवून भाजलेलं त्यांनी, विस्तव त्यांना कुठून कळणार.

आई मासे साफ करता करता म्हणाली, "धोंडस कधी केलात?" धोंडस म्हणजे आमच्याकडचा काकडीचा केक, वरखाली निखारे ठेवून भाजतात तो.

"नाय."

"मगे. खालचो विस्तव काढा, झाकणार घाला. सोडणाचे निखारे घेवा, ते निवांत जळतत."

नारळाच्या सोडणाचे निखारे तिने स्वतःच पत्र्यावरून आणून झाकणावर पसरले. दुपारी टोप उघडला तेव्हा घरभर जो वास पसरला, त्याला मी काय म्हणू. वरून तपकिरी, तडकलेला, जड असा तो पाव होता. बोटीवरचा पाव असा मुळीच नसायचा, बाबा म्हणाले, तो पांढरा आणि मऊ असायचा. हा काहीतरी तिसराच झाला. आईने एक तुकडा तोडून बशीत ठेवला, सोबत गुळाचा खडा. मी काळ्या चहात बुडवून खाल्ला. आणखी मागितला. मग दोघंही काहीतरी काम असल्यासारखी तिथेच घुटमळत राहिली. आईने एकच भांडं दोनदा धुतलं. तिन्हीसांज झाली, मी मागच्या दारी गेले नाही.

रात्री जेवताना आई म्हणाली, "माज्या हातचां तुका ठरणा नाय. बापाशीच्या हातचां बरां ठरलां."

हसत म्हणाली, पण मला कळलं. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "पीठ तुजां, विस्तव तुजो. मी निस्तो मळतंय."

 त्या दिवशी आईने पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पान घेतलं. एरवी ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची.

मग तो नेमच झाला. पहाट, वारा, जातं. गहू निवडून ठेवायचे ते आदल्या संध्याकाळी, अंगणात, सूप मधे घेऊन. दळताना बोलणं सुरुवातीला कामापुरतं. वायच हळू. गहू घाल. चाळण खंय आसा. मग हळूहळू त्याला पाय फुटले. बाबा कुठल्या तरी बंदराचं सांगायचे, जिथे समुद्राचं पाणी गोठतं आणि माणसं त्यावरून चालतात. आई विचारायची, "मगे तुमी झोपत खंय? थंडी लागत नाय होती?" एवढ्या वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. तेही विचारायचे. मागच्या दारची विहीर कोणी खणली, छप्पर उडालं तेव्हा तू पोरीला घेऊन कुठे गेलीस, भाताचं कोण बघायचं. आई सांगायची. समोरासमोर बसून नुसतं बोला म्हटलं असतं तर दोघंही उठून गेली असती. हात गुंतलेले होते, नजर पिठावर होती, म्हणून जमत होतं. मी दाराआड पडून ऐकायचे. अर्धं ऐकू यायचं, अर्धं झोपेत जायचं, आणि ते गोठलेलं बंदर व आमची विहीर माझ्या स्वप्नात एकाच ठिकाणी असायची.

पौषातली एक पहाट मात्र मला शब्दन्‌ शब्द आठवते. जातं नेहमीसारखं फिरत होतं.  मग बाबांचा आवाज आला.

"कसो होतो तो?"

जातं थांबलं.

"कोण?" आईने विचारलं. पण तिला कळलं होतं. मलाही कळलं. माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि काही महिन्यांचा होऊन तापाने गेला, एवढं एकदा मावशीने मला सांगितलं होतं. आईबाबांच्या तोंडून कधीच काही नाही. तो जन्मला आणि गेला तेव्हा बाबा बोटीवर होते. त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

"आपलो झिल," बाबा म्हणाले. "माका कोणी सांगूकच नाय, कसो होतो तो."

मी पोटावर हात ठेवून पडले होते. बाहेर झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

"गोरो नाय होतो," आई सावकाश म्हणाली. "तुमच्यासारखोच. केस मातर भरपूर. जन्मलो तोच केस घेवन. तेल लावलां काय हसत होतो. रडाचो नाय फारसो. समुद्र गाजाक लागलो काय डोळे उघडे ठेवन आयकत पडान रवाचो. मी तेका सांगलंय, बापूस तुजो थंय आसा, त्या पाण्यार."



"तू माका कधी सांगलंस नाय," बाबा म्हणाले.

"तुमी कधी इचारलात नाय. इलात तेवा घुम्यासारखे बसान रवलात. मी म्हटलंय, इचारतीत तेवा सांगान."

"माका वाटलां, इचारलंय तर तू रडशीत."

"रडलंय असतंय," आई म्हणाली. "मगे काय झालां असतां?"

ती तेव्हाच रडत होती. बाबाही. मी उठून जावं असं वाटलं आणि जाऊ नये असंही. मी गेले नाही. बऱ्याच वेळाने जात्याचा दगड हलला. आधी अडखळत, मग सलग. त्या दिवशीचं पीठ भरड निघालं आणि पाव फुगला नाही. तो आम्ही तिघांनी मिळून सगळा खाल्ला.

त्यानंतर काही दिवसांनी हॉटेलवाल्याचा फोन आला. आमच्याकडे मोबाइलला अंगणाच्या कोपऱ्यातच रेंज येते, त्यामुळे सगळं ऐकू येतं. बाबा म्हणाले, "नाय जमाचां माका. घराकडे काम आसा." फोन ठेवून आत आले, तर आई उंबऱ्यात उभी होती.

"काय काम आसा?"

"गहू निवडूचे आसत," बाबा म्हणाले आणि सूप घेऊन बसले.

शिमग्याच्या आधी सई झाली. वजन चांगलं भरलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटी काय खाल्लंत, आणि मी पाव म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आईने सईला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा टोपडं वर सरकवून तिचे केस पाहिले, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी नुसती मान हलवली. त्या दोघांमधलं ते बोलणं आणखी कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि मला कळलं आहे हे त्यांना अजून माहीत नाही. बाबांना तर आता कळायचंही नाही. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले.

पण मधले हिवाळे त्यांना मिळाले, हे मी स्वतःला सांगत असते. सईला मी दर दिवाळीनंतर घेऊन जायचे आणि पहाटे जागी होऊन पडून राहायचे. बाबांचे खांदे दुखायला लागले तेव्हा ओंजळभरच दळायचे, पण दळायचे. बोलणं तर थांबतच नसे. एवढ्या वर्षांचं साठलेलं. कधी कधी दोघं एकदम हसायची आणि जातं थांबायचं.

परवाचा वारा अंगावर घेऊन झाल्यावर मी शनिवारी एसटी पकडून तोंडवलीला गेले. आईने गहू निवडून ठेवले होते, मी येणार हे मी कळवलं नसतानाही. पहाटे ती पडवीत बसली, मी समोर, बाबांच्या जागी. खुंट्यावर तिचा हात वर, माझा खाली. आम्ही दळायला लागलो. आवाज लागला, पीठ पडायला लागलं, कडेने पांढरं वर्तुळ धरायला लागलं. आई काही बोलेना. मी वाट पाहिली. मला वाटलं होतं, इथे बसल्यावर ती आपसूक बोलेल, मी दाराआडून जे अर्धंमुर्धं ऐकलं ते आता पुरतं ऐकायला मिळेल.

शेवटी मीच म्हणाले, "आये, काय तरी सांग मां."

तिने चिमटीतले गहू सोडले. "माजां सगळां सांगान झालां गो," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. पोटभर जेवलेलं माणूस ताटावरून उठताना बोलतं, तसा होता तो. "आता तू सांग."

कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना. जातं फिरत राहिलं. मग मी तिला सईच्या शाळेचं सांगितलं. आधी तेवढंच.